उन्हाळ्यातलं क्योटो सायकलवरून: दोन पाळ्यांचा एक दिवस

जपानमधलं क्योटो फिरायला सायकलीसारखं वाहन नाही. बस खचाखच भरलेल्या, मेट्रोच्या मार्गिका दोनच, टॅक्सी खिशाला जड. शहर मात्र बहुतांशी सपाट आणि रस्ते पाटीवर रेघा मारल्यासारखे सरळ. अडचण एकच, हवा. तिन्ही बाजूंना डोंगर आणि मधल्या खोलगट भागात वसलेलं हे शहर जुलै-ऑगस्टमध्ये अक्षरशः शिजतं. पारा ३५च्या वर सहज जातो, एखाद्या दिवशी ३८लाही टेकतो. नागपूर-अकोल्याकडचा माणूस हा आकडा ऐकून हसेल, पण तिकडच्या कोरड्या उन्हात घाम वाळून अंग गार होतं. क्योटोत घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो. म्हणून इथे नकाशापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. दिवसाच्या सरळ दोन पाळ्या करा: पहाटे पाच ते साडेदहा आणि दुपारी चार ते सात. मधला वेळ सायकलीचा नाहीच.

पाच म्हणजे अगदीच पहाट वाटेल, पण जपानभर एकच प्रमाणवेळ आहे आणि जुलैत क्योटोत पाचच्या सुमारास सूर्य उगवतो. सहाला लख्ख उजाडलेलं असतं. संध्याकाळी मात्र सातलाच दिवस मावळतो. आपल्याकडच्या सवयीने आठला उठून, नाश्ता करून, साडेनऊला निघालात तर दिवसातला सगळ्यात चांगला वेळ झोपेत गेला म्हणून समजा.

आदल्या संध्याकाळीच सायकल घ्या

भाड्याने सायकल देणारी बहुतेक दुकानं नऊच्या सुमारास उघडतात आणि सहा-सातला बंद होतात. म्हणजे पहिली पाळी साधायची तर सायकल आदल्या संध्याकाळीच ताब्यात हवी. रात्रभर ठेवण्याचं किंवा पूर्ण २४ तासांचं भाडं घेणारी दुकानं आहेत, आणि बरीच हॉटेलं आणि गेस्टहाऊस स्वतःच्या सायकली देतात. खोली बुक करतानाच त्याची चौकशी करून ठेवावी. फोनवरच्या ॲपने उघडणाऱ्या सायकलीही शहरभर उभ्या असतात. त्यांना वेळेचं बंधन नाही, पण त्या ठरलेल्या थांब्यांवरच सोडाव्या लागतात आणि दिवसभर वापरल्या तर महाग पडतात. दुकानातली साधी सायकल दिवसाला साधारण १००० ते १५०० येनना मिळते, बॅटरीवाली त्याच्या दीडपट-दुप्पट. पासपोर्ट जवळ ठेवा, नोंदणीसाठी लागतो.

साधी सायकल म्हणजे इथली ‘मामाचारी’, घरोघरच्या आया मुलांना आणि भाजीला घेऊन फिरतात ती. पुढे बास्केट, सरळ बसता येईल असं हँडल, मागच्या चाकावर कड्याचं कुलूप, अगदी आपल्याकडच्या जुन्या सायकलींना असायचं तसं. गिअर असले तर तीन, नाहीतर नाहीत. क्योटोला ती पुरते. बॅटरीवाली घ्यायची की नाही, हे तुम्ही उत्तरेकडे आणि पूर्वेच्या डोंगरपायथ्याशी किती जाणार त्यावर ठरवा. पन्नाशी ओलांडलेल्यांनी किंवा गुडघे कुरकुरणाऱ्यांनी जास्तीच्या पैशांकडे बघू नये, उन्हात ते वसूल होतात.

दुकानातून निघण्याआधी दोन मिनिटं खर्च करा. सीट आपल्या उंचीची करून घ्या. जपानी सायकलींच्या सीट बहुधा खाली केलेल्या असतात, आणि गुडघे पूर्ण सरळ न होता दिवसभर पेडल मारलं की मांड्या भरून येतात. दोन्ही ब्रेक दाबून बघा, दिवा लागतो का पाहा, कुलूप दोनदा उघडून-लावून बघा. सायकलीवर चोरीविरोधी नोंदणीचा स्टिकर असतो. पोलिसांनी रात्री थांबवलं तर ते तोच नंबर तपासतात, म्हणून भाड्याची पावती जवळ असू द्या. विमा भाड्यात धरलेला आहे का, हेही विचारा. क्योटोत सायकलीला विमा सक्तीचा आहे. हेल्मेट सगळ्यांनी घालावं असं कायदा एप्रिल २०२३ पासून सांगतो. न घातल्यास दंड नाही, पण मागितलं तर दुकानात मिळतं.

डावीकडून चाला, पण ‘फ्री लेफ्ट’ विसरा

जपानमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. त्यामुळे युरोपात होतो तसा गोंधळ होत नाही. उलट इथे धोका असा की सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण पुण्यातल्यासारखी सायकल हाकायला लागतो. कायद्याने सायकल हे वाहन आहे, पायी चालणाऱ्याचं भावंडं नव्हे. तिची जागा रस्त्याच्या डाव्या कडेला. क्योटोच्या बऱ्याच रस्त्यांवर त्यासाठी बाणांच्या खुणा रंगवलेल्या आहेत, त्या धरून चालायचं. फुटपाथवर सायकल चालवायला फक्त जिथे निळी गोल पाटी आहे, मोठं माणूस, लहान मूल आणि सायकल असं चित्र असलेली, तिथेच परवानगी. तिथेही हळू, रस्त्याच्या बाजूने आणि चालणाऱ्याला आधी वाट देऊन. मागून घंटी वाजवून लोकांना बाजूला करायचं नसतं. वेग कमी करा, गरज पडली तर उतरा.

लाल सिग्नलला डावीकडेही वळता येत नाही. उजवीकडे वळायचं तर चौकाच्या मधून तिरकं जायचं नाही. हिरव्यावर सरळ पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, तिथे सायकल वळवून उभी करायची आणि समोरचा सिग्नल हिरवा झाला की मगच पुढे. पहिल्या दोन चौकांत वेळखाऊ वाटतं, नंतर अंगवळणी पडतं. गल्लीच्या तोंडाशी उलटा लाल त्रिकोण दिसला की पाय टेकून थांबायचं. नुसतं हळू होणं चालत नाही. क्योटोच्या जुन्या गल्ल्यांत घरं अगदी रस्त्याला भिडलेली असतात आणि कोपऱ्यावरून काय येतंय ते दिसतच नाही, म्हणून हा त्रिकोण नुसता कायद्यापुरता समजू नका.

१ एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या सायकलस्वारांना जागेवर दंडाची पावती मिळते. हातात फोन धरून चालवलं तर १२,००० येन, लाल सिग्नल तोडला तर ६,०००, छत्री धरून चालवलं तर ५,०००, शेजारीशेजारी गप्पा मारत गेलात तर ३,०००. डबलसीटही चालत नाही, अपवाद फक्त बेबीसीटमधल्या लहान मुलाचा. बिअर पिऊन सायकल चालवण्याचा गुन्हा तर थेट तुरुंगापर्यंत जातो. संध्याकाळी नदीकाठी एक ग्लास घ्यायचा असेल तर आधी सायकल परत करा. रस्ता बघायचा असेल तेव्हा कडेला थांबून फोन काढा.

शहर डोक्यात बसवा

फोन वारंवार काढावा लागू नये म्हणून एक सोपी युक्ती. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांची नावं आकड्यांवर आहेत: निजो, सान्जो, शिजो, गोजो, म्हणजे दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. आकडा वाढतोय म्हणजे तुम्ही दक्षिणेला, स्टेशनकडे चाललात. डोंगर उत्तरेला, पूर्वेला आणि पश्चिमेला. ज्या दिशेला डोंगर नाही ती दक्षिण, आणि तिथेच स्टेशनसमोर १३१ मीटरचा पांढरा क्योटो टॉवर. कामो नदी शहराच्या पूर्व भागातून उत्तर-दक्षिण वाहते. एवढ्यावर माणूस हरवत नाही.

नकाशावर न दिसणारी गोष्ट म्हणजे चढ. शहर सपाट वाटतं, पण उत्तरेकडून दक्षिणेकडे ते सतत हलकेच उतरत असतं. दक्षिणेच्या तो-जी मंदिराचा पॅगोडा ५५ मीटर उंच आहे, जपानमधला सर्वात उंच लाकडी पॅगोडा, आणि उत्तरेकडचे मोहल्ले त्याच्या टोकाच्या बरोबरीला येतात असं क्योटोकर सांगतात. सायकलवाल्याने यातून एकच धडा घ्यायचा: सकाळी अंगात दम असताना उत्तरेला जा, ऊन चढलं की उतारावरून खाली या. उलटं केलंत तर दहा वाजता उन्हात चढावर पेडल मारत बसाल.

पहिली पाळी: नदीकाठाने उत्तरेला

शिजोच्या आसपास मुक्काम असेल तर सान्जो पुलापाशी कामोच्या काठावर उतरा. काठाने दोन्ही बाजूंना वाट आहे. गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत, पूल आले की वाट बहुतेक ठिकाणी खालून जाते. काही जागी माती-खडी आहे, काही जागी पूल इतके ठेंगणे की उंच माणसाने मान खाली घालावी. सकाळी साडेपाचला तिथे धावणारे, कुत्री फिरवणारे, उथळ पाण्यात एका पायावर उभे बगळे आणि सिकाडा नावाच्या किड्यांचा कर्कश गजर. गजर हा शब्दही सौम्य पडेल. झाडाखाली थांबलात तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

शिजोपासून साधारण तीन किलोमीटरवर देमाचियानागी. इथे ताकानो नदी कामोला मिळते आणि मधे त्रिकोणी जमिनीचा तुकडा तयार होतो. पात्रातून पलीकडे जायला दगडांच्या उड्या आहेत, काही दगड कासवाच्या आकाराचे, काही पक्ष्याच्या. सायकल वर लावा आणि दगडांवरून चालून बघा, घोट्याशी गार पाणी लागतं. न्याहारीचा डबा मात्र उघड्यावर काढू नका. इथल्या घारी पटाईत आहेत. मागून, आवाज न करता येतात आणि हातातला पाव नखांनी उचलून नेतात. नदीकाठी तशा पाट्याही लावल्या आहेत. झाडाखाली, पाठ बुंध्याला टेकवून खा.

त्रिकोणाच्या मागेच तादासु-नो-मोरी हे जुनं देवराई-जंगल आणि त्यात शिमोगामो देवस्थान. बाहेर आणि आत हवेत फरक लगेच कळतो. सायकल बाहेर लावून पंधरा मिनिटं चाला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येणार असाल तर इथल्या मिताराशी उत्सवाची चौकशी करा. लोक मेणबत्ती घेऊन झऱ्याच्या कुंडात गुडघाभर पाण्यात चालतात, आणि पाणी इतकं गार असतं की पाय बधिर होतात.

इथून पुढे कामोच्या काठानेच साडेतीन-चार किलोमीटर उत्तरेला कामिगामो देवस्थान. हा भाग मला सगळ्यात आवडतो. काठ रुंद होतो, समोर डोंगर जवळ येतात, गर्दी नावालाही नसते. देवस्थानाच्या अंगणात पांढऱ्या वाळूचे दोन टोकदार शंकू आहेत आणि बाजूने एक ओढा वाहतो, त्यात पाय सोडून बसलेली पोरं दिसतात. इथे पोचेपर्यंत साडेसात-आठ वाजावेत. परतीला सगळा उतार, पेडल जवळजवळ मारावंच लागत नाही.

परतताना देमाचियानागीच्या पश्चिमेला देमाची फुताबा हे जुनं मिठाईचं दुकान लागतं. साडेआठला उघडतं आणि तेव्हाच रांग लागलेली असते. ‘मामेमोची’ घ्या: मऊ तांदळाचं आवरण, त्यात खारट लालसर वाटाणे, आत गोड डाळीचं पुरण. शाकाहारी माणसाला जपानात निर्धास्तपणे खाता येईल अशा मोजक्या गोष्टींतली ही एक. मंगळवारी दुकान बंद असतं.

तिथून इमादेगावा रस्त्याने राजवाड्याच्या उद्यानात, ग्योएनमध्ये, शिरा. उद्यानातले रस्ते प्रचंड रुंद आणि जाड खडीने भरलेले. त्या खडीत रोजच्या सायकलवाल्यांच्या चाकांनी एकच वीतभर रुंदीची घट्ट वाट उमटली आहे, उद्यानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या वाटेवर राहिलात तर सायकल लोण्यासारखी जाते, चाक थोडं बाहेर गेलं की खडीत रुततं आणि हँडल वळतं. समोरून कोणी आलं तर दोघांपैकी एकाने खडीत उतरायचं, आणि ते कोणी हे तिथली माणसं नजरेनेच ठरवतात. पाहुण्याने उतरावं. राजवाडा आतून बघायला तिकीट नाही, पण सोमवारी बंद असतो.

स्टेशनजवळ उतरलेल्यांनी हीच पाळी तो-जीपासून सुरू करावी. आवार पहाटे पाचला उघडतं, सभागृहं आठला. सभागृहातल्या मूर्तींमध्ये आपला इंद्र हत्तीवर बसलेला आणि ब्रह्मदेव हंसांवर विराजमान दिसतो, जपानी नावं आणि जपानी चेहरे घेऊन. मराठी माणसाने तेवढ्यासाठी तरी वाकडी वाट करावी. महिन्याच्या २१ तारखेला आवारात मोठा जुना बाजार भरतो, त्या दिवशी सायकल लावायला जागा मिळणं कठीण.

साडेदहा ते चार: सायकलीला कुलूप

या वेळात जपानी हवामानखात्याचा उष्माघाताचा इशारा लागू असेल तर फोनवर सूचना येते. ती आली नाही तरी आत जाच. मांगा म्युझियम, म्हणजे जपानी चित्रकथांचं संग्रहालय, जुन्या शाळेच्या इमारतीत आहे, लाकडी जिने आणि भिंतभर पुस्तकं. पोरं तिथून हलत नाहीत. कलेची आवड असेल तर राष्ट्रीय संग्रहालय. निशिकी बाजार छपराखाली आहे, पण चारशे मीटरची ती गल्ली चिंचोळी आणि गर्दीची, सायकल लांब ठेवूनच जा. निजो किल्ला पाहायचाच असेल तर सकाळीच उरका. आतल्या चालताना चिवचिवणाऱ्या लाकडी जमिनी भारी आहेत, पण तिथे वातानुकूलन नाही.

जेवणाचं म्हणाल तर गार सोबा, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, उन्हाळ्यात सुरेख लागतं, पण त्यासोबतच्या रश्श्यात माशाचा अर्क असतो. शाकाहारींनी कोंबिनीतला (कोंबिनी म्हणजे सगळं मिळणारं छोटं दुकान) उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, धरावा. आंबट-खारट असल्याने घाम गेलेल्या अंगाला तोच बरा. घटकपदार्थांची चिठ्ठी फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून बघा. दुकानाबाहेर लाल अक्षराचं निळ्या-पांढऱ्या लाटांचं निशाण फडकत असेल तर आत बर्फाचा किसलेला गोळा, ‘काकिगोरी’, मिळतो. माच्चा चहाच्या पाकाचा घ्या. आणि कुठे ‘हियाशीआमे’ दिसलं तर सोडू नका: आलं घातलेलं गार गोड पेय, घशाला लगेच ओळख पटते.

पाण्याचा हिशेब सकाळपासूनच ठेवा. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी घोटभर. पेयांची यंत्रं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, १०० ते २०० येनमध्ये बाटली येते. मुगिचा हा बार्लीचा बिनसाखरेचा चहा आणि पोकारी स्वेटसारखं क्षाराचं पेय आलटून पालटून घ्या. घरून ओआरएसची पाकिटं आणलीत तर उत्तमच. गळ्यात ओला पंचा ठेवा. इथले लोकही तेच करतात. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे ही लक्षणं दिसली की जवळच्या कोंबिनीत शिरा, मानेला आणि काखेत बर्फाची पिशवी लावा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला पाणी गिळता येईना तर ११९ला फोन. तिथे थांबून विचार करायचा नाही.

दुसरी पाळी: पूर्वेचा पायथा

चारनंतर पूर्वेचा डोंगर बरा, कारण शहराचा तापलेला मध्यभाग मागे राहतो. ओकाझाकीतल्या हेइआन देवस्थानाच्या २४ मीटर उंच शेंदरी तोरीखालून, म्हणजे कमानीखालून, कालव्याकडे या. हा कालवा बिवा तलावातून डोंगर पोखरून आणला, १८९०मध्ये पुरा झाला, आणि त्याच्याच पाण्यावर पुढच्या वर्षी केआगेला जपानचं पहिलं सार्वजनिक जलविद्युत केंद्र सुरू झालं. नान्झेन-जीच्या आवारात याच कालव्याची एक शाखा विटांच्या कमानींवरून जाते. कमानीखाली उभं राहिलं की वरून पाण्याचा आवाज येतो आणि विटा गार लागतात. सायकल मंदिराबाहेर लावा. तत्त्वज्ञांची वाट इथून जवळच सुरू होते आणि गिन्काकु-जी मंदिरापर्यंत सुमारे दोन किलोमीटर जाते. ती चालायची वाट आहे. सायकल घेऊन तिच्यावर कसरत करण्यात मजा नाही, शेजारच्या गल्लीतून चालवा.

कियोमिझू मंदिराला मात्र सायकलीने जाऊ नका. चढ, पायऱ्या आणि माणसांची दाटी, सायकल नुसती ओढावी लागते. पश्चिमेकडचं अराशियामा चांगलं आहे, पण कात्सुरा नदीकाठच्या लांबलचक सायकलमार्गावर सावली जवळपास नाही. तो शरद ऋतूसाठी राखून ठेवा. जुलैच्या १५ आणि १६ तारखांना संध्याकाळी गिओन उत्सवासाठी शिजो-करासुमाचा भाग वाहनांना बंद होतो, त्या दिवसांत सायकल हॉटेलवरच बरी. दुपारी ढग दाटून एकदम वळवासारखा पाऊस आला तर नदीकाठ सोडून वर या. कामोचं पाणी डोंगरातून येतं आणि झपाट्याने वाढतं.

सायकल कुठे लावायची

हा प्रश्न क्योटोत चढापेक्षा अवघड आहे. दुकानासमोर, झाडाखाली, इतर पाच सायकली उभ्या आहेत म्हणून सहावी, असं चालत नाही. शिजो, कावारामाची आणि स्टेशनचा परिसर हा सायकली उचलण्याचा भाग आहे, ट्रक दिवसातून केव्हाही येतो. सार्वजनिक सायकलतळ शहरभर आहेत, दिवसाला साधारण १५० ते २०० येन लागतात, काहींत सुरुवातीचा थोडा वेळ फुकट. पुढचं चाक खाचेत ढकललं की कुलूप आपोआप लागतं. जाताना यंत्रात आपल्या जागेचा नंबर टाकून पैसे भरायचे. म्हणून तळावर लावल्या लावल्या नंबराचा फोटो काढून ठेवा. मध्यवस्तीतल्या काही रस्त्यांवर आणि छपराखालच्या बाजारगल्ल्यांत दिवसा सायकल चालवायलाही बंदी असते, उतरून ढकलावी लागते.

परत आलात आणि सायकल जागेवर नसेल तर आधी फुटपाथकडे आणि खांबांकडे बघा. उचलून नेल्याची सूचना तिथे चिकटवलेली असते, तिचा फोटो काढा आणि भाड्याच्या दुकानाला दाखवा. सोडवायला पासपोर्ट, सायकलीची किल्ली आणि काही हजार येन रोख लागतात, आणि सायकली ठेवण्याची जागा बहुधा शहराच्या कडेला असते. दुकान बंद व्हायच्या आत जमणार नसेल तर त्यांना लगेच फोन करून कळवा, म्हणजे उशिराचं भाडं किती ते तिथेच ठरतं.